व्हीलचेअर रद्द कर

चि. मनूस,
आईचे अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "लंडनच्या तिकिटात व्हीलचेअर लिहून टाकते, म्हणजे विमानतळावर कुणाशी इंग्रजीत बोलावंच लागणार नाही," आणि मी "बरं" म्हणून मोकळी झाले. रात्रभर ते टोचत राहिलं. अगं, रोज सकाळी अजिंक्यतारा चढून येते मी. पाय धड असताना केवळ तोंड उघडावं लागू नये म्हणून खुर्चीत बसायचं? आपल्या ओळखीतले कितीतरी आईबाप तसेच गेले, माहितेय मला. त्यांना नावं ठेवत नाही. पण माझी व्हीलचेअर रद्द कर. फोनवर सांगितलं असतं तर तू लगेच समजूत घालायला लागली असतीस, म्हणून लिहितेय.

आणखी एक तुझ्यापासून लपवलं होतं. जानेवारीपासून मी इंग्रजी शिकतेय. मागच्या गल्लीत एक निवृत्त शिक्षिका राहतात, त्यांच्याकडे दुपारी तीन ते चार, आम्ही चौघीजणी. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून असायचं. मराठी शाळेत ते पहिलीपासून आलं २००० साली, त्यात तू सापडलीस. मी दहावीला पाठ केलेली पत्रं उतरवून पास झाले आणि पुढं इंग्रजीचा संबंध औषधाच्या बाटलीपुरता. बाईंनी व्याकरणाचं पुस्तक काढलंच नाही. म्हणाल्या, "विषय एकच, सुट्टी आणि प्रवास. कुठं जाणार, कधी, कशानं, कुणाकडे. एवढं नीट सांगता आलं तरी पुष्कळ."

पहिल्याच दिवशी मला विचारलं, "व्हेअर डू यू गो ऑन हॉलिडे?" मी गप्प. इंग्रजी येत नव्हतं म्हणून नाही, उत्तरच नव्हतं. लग्नं, बारशी, एकदा पंढरपूर, आणि मे महिन्यात तुम्हा दोघांना घेऊन माहेर. ऑन हॉलिडे अशी मी कधी गेलेच नाही. शेवटी म्हणाले, "माहेर." बाई म्हणाल्या, त्याला त्यांच्याकडे शब्द नाही, "माय मदर्स हाऊस" म्हणा. हाऊस म्हणे!

शब्द मला बरेच येत होते, हे मात्र तिथंच कळलं. तिकीट, बॅग, पासपोर्ट, रिटर्न, प्लॅटफॉर्म, लेट. अडतं ते पुढच्या-मागच्या बारीकसारीक गोष्टींपाशी. आपण रविवारी, जूनमध्ये, पाच वाजता असं सगळं शब्दाच्या शेपटाला बांधतो, ते लोक आधी बांधतात आणि प्रत्येकाला दोरी वेगळी. ऑन संडे, इन जून, ॲट फाइव्ह. रेल्वेने आणि विमानाने म्हणजे बाय ट्रेन, बाय प्लेन, पण पायी गेलं की लगेच ऑन फूट. का, ते विचारायचं नाही.

एक गोष्ट मात्र मला फार आवडली. "जाणार आहे" आणि "जाईन" यांत आपण करतो ना फरक, तसाच त्यांच्यातही आहे. आधीच ठरवलेलं असेल तर "गोइंग टु", आत्ता मनात आलं म्हणून बोललो तर "विल". हे गेली पंचवीस वर्षं मला काशीला नेतायत. बाई म्हणाल्या, "त्यांचं वाक्य विलचं." मी म्हटलं, माझं आता गोइंग टु चं. आय अ‍ॅम गोइंग टु लंडन. मग बाईंनी सांगितलं की यात तो "टु" गावाचा आहे, ठरवण्याचा नाही. तिकीटच हातात असलं की नुसतं "गोइंग"वर भागतं. डोकं गरगरलं, पण वाक्य बरोबर होतं.

सगळ्यात मोठी चूक माझ्या हातून झाली असती ती "राहणे" या शब्दापायी. मी घोकत होते, "आय विल लिव्ह विथ माय डॉटर." बाईंनी हातच जोडले. म्हणाल्या, असं तिथल्या साहेबाला सांगाल तर त्याला वाटेल, बाई कायमची बिऱ्हाड घेऊन आली. पाहुणी म्हणून गेलं की लिव्ह नाही, स्टे. आता मराठीत मी साताऱ्यातही राहते आणि तुझ्याकडेही सहा आठवडे राहणारच आहे, फरक कसा लक्षात ठेवायचा? मग माझं मलाच सुचलं. लग्नाला गेल्यावर आपण विचारतो ना, "कुणाकडे उतरलात?" ते उतरणं म्हणजे स्टे. बाईंनी वहीत लिहून घेतलं, खरंच. व्हिसा सहा महिन्यांचा असला तरी मी सांगणार, "आय अ‍ॅम स्टेइंग फॉर सिक्स वीक्स," आणि परतीचं तिकीट पुढं करणार.

रात्री जेवणं झाली की हे साहेब होतात. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, हातात पासपोर्ट म्हणून गॅसचं पुस्तक. "व्हॉट इज द परपज ऑफ युअर व्हिजिट?" इतक्या दरडावून विचारतात की पहिल्या दिवशी मी "सॉरी" म्हणाले. आता घडाघडा सांगते. परवा "हू इज पेइंग?" ला "माय डॉटर" म्हटलं, तर साहेब मराठीत म्हणाले, "आणि जावई?" स्वतः मात्र यायचं नाव नाही. दुकान कोण बघणार, हे एकच पालुपद.

कंदी पेढे आणत नाहीये, वाट बघू नकोस. दुधाचं तिकडं न्यायला बंदी आहे. "डिक्लेअर" शब्द शिकवताना बाईंनी सांगितलं, नाहीतर मोती चौकातून दोन किलो बांधून घेतलेच होते मी. मेतकूट, गोडा मसाला आणि शेंगदाण्याची चटणी आणते.

एका ठिकाणी अजून अडतेय. घरातून निघताना काय म्हणाल, असं बाईंनी विचारलं. मी म्हणाले, "आय अ‍ॅम कमिंग." तिघीही हसल्या. बरोबर "आय अ‍ॅम गोइंग", कळतं मला. पण उंबऱ्यात उभं राहून "जाते" म्हणायला जीभच वळेना. बाई म्हणाल्या, "राहू दे, एवढं एक चुकीचंच म्हणा."

तर ८ जूनला, ऑन संडे, मी येतेय. हीथ्रोला बाहेरच उभी राहा. बाकीचे आले आणि मी दिसले नाही तर घाबरून कुणाला फोन करत बसू नकोस. आत बोलत असेन.

जावईबापूंना आशीर्वाद.

तुझी,
आई

ता. क. हे पत्र वाचून दाखवलं ह्यांना. पुढच्या वर्षी दोघं जाऊ म्हणाले. विल.