ईस्टरच्या जेवणाला मेन काय करायचं

मरोळ, मुंबई
२२ मार्च २०२६

प्रिय दोस्ता,

तुझा व्हॉइस मेसेज ऐकला, दोनदा ऐकला. वहिनीच्या माहेरची सगळी माणसं यंदा ईस्टरला वसईहून तुमच्याकडे ठाण्याला येणार आणि जेवण तू स्वतः करणार, हे ऐकून मला खरंच खूप बरं वाटलं. तू विचारलंस मेन डिश काय ठेवू, की सरळ बिर्याणी मागवू. बिर्याणी नको रे. बिर्याणी कुठल्याही रविवारी येते, आणि हा रविवार तसा नाही, का ते आधी सांगतो म्हणजे पुढचं सगळं तुझं तुलाच सुचेल.

यंदा राखेचा बुधवार, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाचा पहिला दिवस, १८ फेब्रुवारीला होता. तेव्हापासून उपवासकाळ चालू आहे, मधले रविवार सोडले की बरोबर चाळीस दिवस भरतात. शुक्रवारी मांस तर आमच्यात कोणीच खात नाही पण आमच्या मुंबई-वसईकडच्या जुन्या कॅथलिक घरांत बरीच मोठी माणसं पूर्ण चाळीस दिवस मटण-चिकन सोडतात, तुझे सासरे त्यातले आहेत हे मला वहिनीनेच मागे सांगितलं होतं. म्हणजे तू जे वाढशील तो त्या माणसाचा इतक्या दिवसांनंतरचा मांसाचा जवळजवळ पहिला घास. म्हणून मी म्हणतो एकच मेन कर, पण हाडासकट, चरबीसकट, मसाला आतपर्यंत मुरलेला असा कर. चार प्रकारचे स्टार्टर आणि तीन ग्रेव्ह्या असलं हॉटेलसारखं काही मांडू नकोस.

दुसरी गोष्ट वेळेची. शनिवारी रात्री ते सगळे पुनरुत्थानाच्या मिस्साला, म्हणजे चर्चच्या उपासनेला, जाणार, बाहेर अंगणात नवा अग्नी पेटवतात, त्यावर पास्काची म्हणजे ईस्टरची मोठी मेणबत्ती लावतात, मग अंधारात चर्चमध्ये जातात, मग बायबलमधली वाचनं असतात बरीच, घरी यायला मध्यरात्र होते. वहिनी पण जाणार आणि तू पण जावंस असं मला वाटतं, एकदा बघ तू ते. मग रविवारी घोडबंदरचं ट्रॅफिक पार करून माणसं कधी पोचतील काही सांगता येत नाही. त्यामुळे ऐनवेळी गॅससमोर उभं राहायला लागेल असं काही ठेवूच नकोस. शनिवारी दुपारी शिजवून ठेवायचं आणि रविवारी नुसतं हळू गरम करायचं, अशीच डिश पाहिजे. आणि आपल्या नशिबाने ईस्टरच्या आपल्याकडच्या सगळ्या चांगल्या डिश अशाच आहेत कारण त्यात शिरका म्हणजे व्हिनेगर असतो. चिमाजी अप्पांनी १७३९ ला वसई घेतली आणि पोर्तुगीज गेले, पण शिरक्यात मांस मुरवायची त्यांची रीत आपल्या गावठाणांत राहिली ती राहिलीच.

आता माझं मत विचारशील तर बदकाची मोयली, म्हणजे कांदा-शिरक्यातला बदकाचा घट्ट रस्सा. आमच्याकडे ईस्टर म्हटलं की तीच, आणि तुला जमेल. दहा-बारा माणसं असतील तर दोन-दोन किलोची दोन बदकं घे, बदकाला हाड जास्त आणि मांस कमी, कोंबडीच्या हिशोबाने घेशील तर पुरणार नाही. क्रॉफर्ड मार्केटला मिळतात किंवा कोल्ड स्टोरेजवाल्याला, म्हणजे फ्रोझन मांसाच्या दुकानदाराला, आधी सांगून ठेवायचं, फ्रोझन आणलंस तर आदल्या रात्री फ्रिजमध्येच खाली काढून ठेव, बाहेर ओट्यावर नको, एप्रिलची हवा आहे.

तुकडे कातडीसकट करून घे. जाड बुडाचा स्टीलचा टोप घे, हिंडालियमचा नको, शिरक्याने त्याला चव लागते. टोप कोरडा, तेलाचा थेंब नाही, आणि तुकडे कातडी खाली करून मंद गॅसवर ठेव. आधी काहीच होत नाही, मग पाच मिनिटांनी कडेने बदकाची पारदर्शक चरबी सुटायला लागते, मग ती बारीक तडतडते आणि कातडी हळूहळू आक्रसून तांबूस होते. तिथे घाई करू नको, पंधरा-वीस मिनिटं दे, हलवत बसू नको, उलटायची वेळ झाली की तुकडा आपोआप सुटतो. सुटलेल्या चरबीतली तीन-चार चमचे टोपात ठेव आणि बाकीची वाटीत काढ, फेकू नको हं. त्या चरबीतच बटाट्याच्या मोठ्या फोडी वेगळ्या तळून घ्यायच्या. बटाटा मोयलीत पहिल्यापासून टाकायचा नाही कारण आंबटात बटाटा लवकर शिजत नाही, कचकचीत राहतो, म्हणून तळून शेवटी.

मग टोपातल्या चरबीत उभा चिरलेला कांदा, भरपूर, सात-आठ मोठे, आणि आलं-लसूण वाटून नाही तर उभं बारीक कापून, आणि चिरा दिलेल्या हिरव्या मिरच्या. कांदा मऊ झाला की बाटली मसाला, म्हणजे आमचा वर्षभराचा घरगुती मसाला, तीन-चार मोठे चमचे, मीठ, बदक परत आत, थोडं गरम पाणी, झाकण. दीड तास तरी लागतो, देशी बदक असेल तर जास्त. कुकरला लावलंस तरी चालेल पण मग शेवटची वीस मिनिटं टोपात काढून उघडं शिजव, नाहीतर रस्सा पातळ राहतो आणि मोयली अंगाबरोबरच पाहिजे. शिरका शेवटच्या या टप्प्यात घाल, अर्धी वाटी, चव बघत बघत. बाटलीतला पांढरा सिंथेटिक शिरका असेल तर अर्धं पाणी मिसळ, तो घशाला लागतो. माडाचा किंवा उसाचा मिळाला तर फारच छान, कोल्ड स्टोरेजमध्ये गोव्याचा असतो.

शनिवारी गार झाली की फ्रिजमध्ये. रविवारी वर चरबीचा पिवळा थर आलेला दिसेल, थोडा काढ, थोडा राहू दे, आणि एकदम मंदावर गरम कर. पहिल्या दिवशी मसाला वेगळा आणि बदक वेगळं लागतं, दुसऱ्या दिवशी ते एक होतं. हे सांगून कळत नाही, शनिवारी एक तुकडा खा आणि रविवारी एक खा.

बदक नाहीच मिळालं तर पोर्कचं इंद्याल. बाहेर विंदालू म्हणून जे मिळतं त्यात टोमॅटो काय, बटाटा काय, ते सगळं विसर. एक किलोला बारा-पंधरा काश्मिरी मिरच्या, दहा-बारा मोठ्या लसूण पाकळ्या, दोन इंच आलं, चमचाभर जिरं, थोडी मिरी, चार-पाच लवंगा, दालचिनीचा तुकडा, हळद, आणि हे सगळं शिरक्यातच वाटायचं, पाणी अजिबात नाही. पोर्क घेताना कातडी आणि चरबीचे थर असलेला भाग माग, नुसतं लाल मांस आणलंस तर चिवट होईल. मसाला लावून रात्रभर फ्रिजमध्ये आणि मग कांदा परतून मंदावर, ते स्वतःच्याच चरबीत शिजतं. सोरपोटेल, म्हणजे डुकराच्या मांस-काळजाची डिश, मात्र या वेळी करू नको, ती उत्तमच डिश आहे पण मांस आणि काळीज आधी उकडा, मग शेंगदाण्याएवढं बारीक कापा, मग तळा, मग मसाल्यात शिजवा, आणि तीन दिवस रोज गरम करून मुरवा, एवढं ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यात नोकरी सांभाळून एकट्याने होत नाही. ती ख्रिसमसला आपण दोघं मिळून करू.

तू मटणाच्या अख्ख्या रानेचं, म्हणजे मांडीचं, पण बोललास. अर्थाने ती सगळ्यात योग्य आहे कारण पास्काच्या सणाचं मूळच भाजलेल्या कोकरात आहे, इजिप्तमधून सुटायच्या रात्री इस्रायली लोकांनी कोकरू भाजून खाल्लं ते निर्गम पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात आहे. पण आपल्याकडे मटण म्हणजे बोकड, आणि तुमचा ओटीजी ओव्हन मी पाहिलाय, त्यात दोन किलोची रान मावणार नाही, नळी मोडून घेतलीस तरी एकच मावेल आणि एका रानेत दहा माणसं होत नाहीत. करायचीच हौस असेल तर शिरका, मिरी, आलं-लसूण लावून रात्रभर ठेव, कुकरमध्ये तीन चतुर्थांश शिजव आणि मग तव्यावर तुपात चारही बाजूंनी लाल कर. चांगली होते. पण मेन म्हणून मोयलीसमोर नाही टिकणार, माझं स्पष्ट मत आहे.

आता तुमच्या घरच्या काकूंचं. काकू त्या दिवशी असणारच आणि त्या बदक, डुक्कर काही खाणार नाहीत, अंडं तेवढं चालतं त्यांना. त्यांना बाजूला डाळ-भात वाढून मोकळा होऊ नको हं, त्यांच्यासाठी पण मेनच पाहिजे. सध्या दादरला ओले काजू आलेत, महाग आहेत पण सणाला घ्यायचे. खुड्डी कर त्यांची, म्हणजे कांदा आणि सुकं खोबरं थेट आचेवर भाजून, चांगलं काळपट होईपर्यंत, वाटायचं आणि बाटली मसाल्यात परतून रस्सा करायचा, त्यात सोललेले ओले काजू आणि वरून उकडलेली अंडी अर्धी कापून. अंडं तर ईस्टरचंच आहे, पूर्वी उपवासकाळात अंडी पण वर्ज्य होती, कोंबड्या काही थांबत नाहीत, मग साठलेली अंडी ईस्टरला निघायची. काकूंना हे सांग, त्यांना आवडेल. आणि बघशील तू, ती खुड्डी मटण खाणारे पण मागून घेतील.

बरोबर फुगे, म्हणजे तळलेले गोल पाव. अर्धा किलो मैदा, दोन अंडी, नारळाचं दूध, चिमूट मीठ, थोडी साखर, यीस्ट, आणि पीठ चिकट सैलसर, दोन-तीन तास फुगू दे. मग ओल्या हाताने मुठीत घेऊन अंगठा आणि तर्जनीच्या मधून दाबायचं, वर गोळा येतो, तो चमच्याने तेलात सोडायचा, तो स्वतःच उलटतो आणि बदामी होतो. हे तेवढं ताजं करायला लागेल, पण वहिनीच्या माहेरच्या बायका हे डोळे मिटून करतात, त्यांना करू दे, त्या स्वयंपाकघरात आल्याशिवाय राहणारच नाहीत. नाहीतर बेकरीचा पाव आण. सोबत कांद्याची शिरक्यातली कोशिंबीर, साधा भात, संपलं. गोडाला बेकरीतली मार्झिपॅनची, म्हणजे बदाम-काजूच्या गोड पिठाची, अंडी, मुलं खूश.

मसाल्याचं एक राहिलं. बाटली मसाला आमच्याकडे एप्रिल-मेच्या उन्हात वाळवून कुटतात आणि वर्षभराचा बिअरच्या काळ्या बाटल्यांत ठासून भरतात, म्हणजे आत्ता घराघरांत गेल्या वर्षीचा शेवटचा असतो. माझ्याकडे आहे, देतो. पण त्यापेक्षा तू सासूबाईंना फोन कर आणि त्यांच्या घरचा मसाला माग. प्रत्येक घराचा वेगळा असतो, त्यांना त्यांच्या हातची चव तुझ्या टोपात भेटेल. मी तर म्हणतो बाकी कशात कमी-जास्त झालं तरी चालेल, पण हा फोन तूच कर, वहिनीला करायला लावू नको.

तारखांचं लक्षात ठेव. २ एप्रिलला गुरुवारी हनुमान जयंती, म्हणजे पौर्णिमा, आणि त्यानंतरचा रविवार ५ तारीख, ईस्टर. ३ ला गुड फ्रायडे, त्या दिवशी वहिनीच्या माहेरी पेज वगैरे साधंच असतं, मांसाची दुकानं पण आपल्या लोकांची बंद. गुरुवारी बदक घरात पाहिजे. झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी २९ मार्चला, मी वांद्र्याला जाणार आहे, तिथल्या कोल्ड स्टोरेजवाल्याला सांगून ठेवतो, पण त्याआधी मला नक्की आकडा दे, किती मोठे आणि किती लहान, आणि बदक की पोर्क ते. वहिनीला विचारून सांग, स्वतःच ठरवू नको.

तुझाच,
मरोळवाला