शनिवारचा शब्द, सोमवारची पावती : विधी व न्याय मंत्र्यांना खुले पत्र

माननीय विधी व न्याय मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

सविनय नमस्कार.

कोकणातल्या आणि मुंबई-ठाण्यातल्या बेने इस्रायल या ज्यू समाजाच्या सिनेगॉगांचे, म्हणजे प्रार्थनास्थळांचे, हिशेब आणि व्यवस्था सांभाळणारी आम्ही माणसे आहोत. मुंबईत सॅम्युएल स्ट्रीटवरचे सिनेगॉग 1796 चे, पनवेलचे 1849 चे, ठाण्याचे 1879 चे. राज्य सरकारने 2016 साली ज्यू समाजाला अल्पसंख्याक दर्जा दिला, त्याबद्दल आम्ही मनापासून कृतज्ञ आहोत. आज मागायचे आहे ते अनुदान नव्हे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, 1950 खाली आमचे हिशेब तपासताना आमची उपासना कशी चालते हे लक्षात घेतले जावे, एवढे एक परिपत्रक हवे आहे.

सुरुवात पैशांपासूनच करतो. शब्बाथ, म्हणजे आमचा आठवड्याचा पवित्र विश्रांतीचा दिवस, शुक्रवारी सूर्यास्ताआधी सुरू होतो आणि शनिवारी रात्री आकाशात तीन तारे दिसले की संपतो. या वेळात लिहायचे नाही आणि पैशाला हात लावायचा नाही. आणि देणगीचा शब्द तर नेमका याच वेळात दिला जातो. आपल्याकडे जेरुसलेम पश्चिमेला, म्हणून सेफेर तोराचे, म्हणजे हस्तलिखित धर्मग्रंथाच्या गुंडाळीचे, कपाट सिनेगॉगच्या पश्चिम भिंतीत असते. ते उघडण्याचा, गुंडाळी हातात घेण्याचा, वाचनाला उभे राहण्याचा मान असतो. ज्याला मान मिळतो तो तिथेच तोंडी रक्कम सांगतो, सणाला काही मानांची बोलीही लागते. रोकड येते रविवारी, सोमवारी, कधी पुढच्या महिन्यात. पावती त्या दिवसाची फाडली जाते.

वर्षातली सर्वांत मोठी गर्दी योम किप्पूरला, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवशी, होते. जुनी माणसे त्याला दारफाळणीचा सण म्हणतात. सुमारे पंचवीस तासांचा कडक उपास असतो, एरवी न दिसणारी घरेही त्या दिवशी हजर असतात आणि वर्षाच्या देणग्यांचा मोठा भाग त्याच दिवशी बोलला जातो. पण त्या दिवशीही शब्बाथसारखेच लिहायचे नाही आणि पैशाला हात लावायचा नाही, म्हणून खतावणीत त्या तारखेला एक रुपयाही दिसत नाही, तो पुढचे कित्येक दिवस तुकड्यातुकड्यांनी येत राहतो. मग लेखापरीक्षक विचारतात, उत्सवाची जमा उत्सवाच्या दिवशी का नाही? एवढ्या पावत्यांवर ‘योम किप्पूर’ लिहिले आहे आणि तारीख आठवड्यानंतरची कशी? त्यांचा प्रश्न त्यांच्या जागी बरोबर आहे, पण आमच्याकडे दुसरे उत्तर नाही.

यावर साधा उपाय आहे. प्रत्येक घराच्या नावाचे एक पुठ्ठ्याचे कार्ड आधीच करून ठेवायचे, कडेला रकमांचे आकडे छापलेले. शब्द दिला गेला की त्या आकड्यापाशी पेपरक्लिप अडकवायची. म्हणजे लेखणी लागत नाही आणि विसरही पडत नाही. शनिवारी रात्री शब्बाथ संपल्यावर हझान (प्रार्थना चालवणारा) आणि एक विश्वस्त मिळून कार्डे वहीत उतरवतात आणि दोघे सही करतात. त्या वहीत चार रकाने पुरतात: कोणाचा शब्द, कोणत्या मानासाठी, किती, आणि पावती क्रमांक. शेवटचा रकाना महिनोन्महिने रिकामा राहिला तर तो शब्द येणे म्हणून दाखवायचा की सोडून द्यायचा, याचा नियम ठरलेला नाही. प्रत्येक लेखापरीक्षक आपापल्या समजुतीने ठरवतो. आमचे म्हणणे असे की शब्द म्हणजे उत्पन्न नव्हे. पावती फाटेल त्या दिवशीच जमा धरावी आणि शब्दांची वही पुरावा म्हणून मान्य व्हावी.

दुसरी अडचण पंचांगाची. हिब्रू महिने चांद्र आहेत आणि 19 वर्षांत सात अधिक महिने येतात. त्यामुळे पेसाह, म्हणजे इजिप्तमधल्या गुलामीतून सुटकेचा सण, कधी मार्चअखेर येतो, कधी एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात. आर्थिक वर्ष मात्र 31 मार्चला संपते. 2017 मध्ये पेसाह 10 एप्रिलच्या संध्याकाळी सुरू झाला, 2018 मध्ये 30 मार्चच्या संध्याकाळी. म्हणजे 2017-18 या एकाच वर्षात पेसाह दोनदा सुरू झाला आणि 2018-19 मध्ये एकदाही नाही. पेसाहच्या आधी गरजू घरांसाठी बेखमीर भाकरीचा आणि सणाच्या शिध्याचा निधी गोळा करायची ज्यू समाजाची फार जुनी रीत आहे. अशा दोन वर्षांचे ताळेबंद शेजारी ठेवले तर आधी खर्च दुप्पट झाल्यासारखा वाटतो आणि पुढच्या वर्षी मदत बंदच पडली असे दिसते. एका वर्षाची मागच्या वर्षाशी तुलना करण्याऐवजी तीन वर्षांची सरासरी पाहिली तर हा घोळ राहत नाही.

मदत घेणाऱ्यांच्या नावांबद्दल आम्हाला सर्वांत जास्त काळजी आहे. मध्ययुगातले ज्यू धर्मपंडित मैमोनिडीझ यांनी दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या. माणसाला काम, भागीदारी किंवा कर्ज देऊन स्वतःच्या पायावर उभे करणे ही सर्वांत वरची. तिच्या खालोखाल, देणाऱ्याला घेणारा ठाऊक नाही आणि घेणाऱ्याला देणारा. आमच्या एकेका मंडळीत आता वीस-पंचवीस घरे. औषधांसाठी किंवा फीसाठी मदत घेतलेल्याचे नाव व्हाउचरवर आले आणि ती फाइल वार्षिक सभेत टेबलावर उघडी पडली, की संध्याकाळपर्यंत सगळ्या आळीला कळते. मग पुढच्या वेळी ते घर मागायलाच येत नाही. खऱ्या गरजेचे घर असे गप्प बसले तर तो निधी ठेवायचाच कशाला? म्हणून व्हाउचरवर फक्त क्रमांक असावा, नावांची यादी दोन विश्वस्तांच्या सहीने लिफाफ्यात सीलबंद असावी आणि लेखापरीक्षकाने ती पाहून पुन्हा सील करावी. तपासणी पूर्ण होते आणि माणसाची लाजही राखली जाते.

विश्वस्तांचा प्रश्न वेगळाच आहे. समाजातली बरीच माणसे इस्रायलला गेली, लोद, अश्दोद, दिमोनात स्थायिक झाली. आमच्या विश्वस्तसंस्थांच्या जुन्या नियमावल्यांमध्ये सभेची गणपूर्ती मात्र भरल्या वस्तीच्या हिशेबाने लिहिलेली आहे. सातांपैकी पाच हवेत आणि गावात उरले तीन, तर सभाच होत नाही. सभा नाही म्हणून नवे विश्वस्त नाहीत, म्हणून विश्वस्त बदलल्याचा, अधिनियमाच्या कलम 22 खालचा बदल अर्ज 90 दिवसांत जात नाही. शेड्युल वनच्या, म्हणजे विश्वस्तव्यवस्थेच्या सरकारी नोंदीच्या, उताऱ्यावर जुनीच नावे राहतात आणि बँक नव्या सह्या घेत नाही. मग विजेचे बिल आणि राखणदाराचा पगार कोणीतरी खिशातून भरतो. परदेशी गेलेल्या सभासदांना व्हिडिओवरून सभेत बसू द्यावे आणि गणपूर्तीत धरावे. इस्रायल आपल्यापेक्षा उन्हाळ्यात अडीच आणि हिवाळ्यात साडेतीन तास मागे आहे, आणि तिथे रविवार कामाचा दिवस असतो, तेव्हा आपल्याकडची रविवारी रात्रीची सभा दोन्हीकडे सोयीची.

दहा प्रौढ पुरुष जमले नाहीत तर मिनियान, म्हणजे सामूहिक प्रार्थनेची गणसंख्या, होत नाही. कद्दीश ही मृतांच्या स्मरणार्थही म्हटली जाणारी प्रार्थना म्हणता येत नाही, सेफेर तोराचे जाहीर वाचन होत नाही. पण बाकीची प्रार्थना एकटा माणूसही करतो. म्हणून ‘मिनियान नाही’ याचा अर्थ ‘उपासना बंद, वास्तू विनावापर’ असा कोणत्याही अहवालात लावला जाऊ नये. दफनभूमीचेही तेच. आमच्यात कबर पुन्हा वापरत नाहीत, त्यामुळे बरीच वर्षे दफन झाले नाही तरी ती जमीन मोकळी होत नाही. जीर्ण प्रार्थनापुस्तकेही आम्ही रद्दीत देत नाही, पुरतो. त्यांची विक्री किंमत हिशेबात शोधू नये.

शेवटी सुनावण्यांच्या तारखा. शनिवार, शुक्रवारची दुपार आणि आमचे मोठे सण वगळून तारीख मिळावी. 2026 मध्ये योम किप्पूर 20 सप्टेंबरला सूर्यास्ताआधी सुरू होतो. त्या रात्री दिल्या जाणाऱ्या शब्दांच्या पावत्या फाटण्याआधी हे परिपत्रक निघावे, अशी विनंती आहे.

आपले नम्र,
कोकण, ठाणे व मुंबईतील सिनेगॉगांचे हिशेब व व्यवस्था पाहणारे बेने इस्रायल