जेलकोट दुरुस्ती किटच्या अपुऱ्या सूचनांबाबत तक्रार

मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : किमतीचा परतावा आणि मराठी सूचनापत्र मिळणेबाबत

महोदय,

मी हर्णै बंदरातला मच्छीमार. १ जूनला मासेमारी बंदी लागते, म्हणून मे अखेरीस माझी फायबरची होडी वर ओढली, तेव्हा बुडाला जेलकोटमध्ये, म्हणजे फायबरवरच्या बाहेरच्या गुळगुळीत थरात, सुईच्या टोकाएवढी तीस-चाळीस भोकं दिसली. एवढ्याशा भोकातूनही पाणी फायबरच्या थरात मुरतं आणि पुढे फोड येतात. पावसाआधी ती बुजवायला आपलं किट ८५० रुपयांना घेतलं. पावती सोबत जोडली आहे.

कामात मी कुचराई केलेली नाही. होडी गोड्या पाण्याने धुऊन चार दिवस उन्हात वाळवली. प्रत्येक भोक ड्रिलने थोडं उघडलं, कारण वरून नुसता लेप दिला की आत हवा अडकते आणि भोक पुन्हा तोंड काढतं. ॲसिटोनने पुसून मग किटमधला जेलकोट भरला. दुसऱ्या दिवशी बोट लावलं तर चिकट, आठवड्यानेही चिकटच. पॉलिशपेपर मारला तर तो लगद्याने भरून गेला.

आपल्याकडे फोन केल्यावर ‘हवा दमट असेल’ एवढंच उत्तर मिळालं. खरं कारण इथल्या फायबरच्या मिस्त्रींनी सांगितलं. या जेलकोटमध्ये मेण नाही, त्यामुळे उघड्या हवेत त्याचा वरचा थर सुकत नाही. भरल्यावर वर प्लॅस्टिकचा कागद दाबून हवा बंद करावी लागते. उरलेल्या डब्यातून त्यांनी दोन भोकं तशी भरली, ती सकाळी दगडासारखी घट्ट. माल चांगला असून केवळ एक ओळ न छापल्यामुळे माझं काम वाया गेलं, याचं जास्त वाईट वाटतं. तोवर पाऊस लागला. १ ऑगस्टला बाकीच्या होड्या दर्यात गेल्या, माझी उघाडीची वाट बघत किनाऱ्यावरच राहिली.

जेलकोट घट्ट व्हायला त्यात मिसळायच्या हार्डनरचं तर विचारूच नका. सूचनेतले ‘काही थेंब’ म्हणजे किती? प्रमाण साधारण १ ते २ टक्के असतं, पण बाटलीवर मापाची एकही खूण नाही. हा हार्डनर डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते, आणि ती सूचना बारीक इंग्रजीत! माझा मुलगा संरक्षक चष्म्याशिवाय हाताशी बसला होता.

किटचे ८५० रुपये १५ दिवसांत परत करावेत आणि यापुढे प्रत्येक डब्यात मराठी सूचनापत्र घालावं. अन्यथा मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागेन.

आपला ग्राहक,
एक होडीमालक, हर्णै, ता. दापोली, जि. रत्नागिरी