वाळू नुसती धुऊन भागत नाही

महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीत घरच्या घरी फिशटँक कसा मांडावा, यावर लेख आला होता. लेख उपयोगी आहे, पण त्यातल्या एका वाक्याबद्दल लिहिल्याशिवाय राहवेना : ‘तळाला कोणतीही वाळू चालते, फक्त स्वच्छ धुऊन घ्यावी.’ धुतल्याने माती जाते. दाण्याची धार जात नाही आणि वाळूतला चुनाही जात नाही.

धार काय करते ते मी डोळ्यांनी पाहिलंय. माझ्याकडे सहा कोरीडोरस आहेत. हे इवलेसे मासे दिवसभर तळाशी तोंड खुपसून असतात. वाळू तोंडात घेतात, खाण्याजोगं ठेवून घेतात आणि उरलेली कल्ल्यांतून सोडतात. तोंडाजवळच्या मिशांनी अन्न चाचपतात. त्यांच्यासाठी मी हौसेनं पांढरीशुभ्र, चमचमणारी वाळू आणली होती. तीन महिन्यांत मिशांचे नुसते खुंट उरले. पाणी बिघडलं असेल म्हणून अमोनिया आणि नायट्राइट, ही माशांच्या घाणीतून पाण्यात साठणारी विषं तपासली, दोन्ही शून्य. तळाशी घाण कुजली तरी मिशा झडतात, पण माझा तळ स्वच्छ होता. शेवटी चिमूटभर वाळू तळहातावर चोळली, तर कातडीवर ओरखडे उठले. भिंगाखाली धरली तेव्हा दाणे फुटक्या काचेसारखे दिसले.

मग गोलसर दाण्याची, साधारण अर्ध्या मिलिमीटरची वाळू घातली. तीही निम्मी आधी आणि निम्मी पंधरा दिवसांनी, कारण अमोनिया संपवणारे जिवाणू वाळूच्या दाण्यांवरही वस्ती करून असतात. जुनी सगळी एकदम काढली तर तेही जातात. चौघांच्या मिशा पुन्हा फुटल्या. दोघांच्या मुळापासून गेल्या होत्या, त्या आल्याच नाहीत.

आता चुन्याचं. मी शाळेत रसायनशास्त्र शिकवते. शिंपल्यांचा चुरा असलेली समुद्राची वाळू बशीत घेऊन मुलांसमोर व्हिनेगरचे थेंब टाकते. बारीक बुडबुडे येतात, तो कार्बन डायऑक्साइड. म्हणजे वाळूत कॅल्शियम कार्बोनेट आहे. ते पाण्यात हळूहळू विरघळतं, पाणी जड म्हणजे क्षारयुक्त होतं, पीएच चढतो, म्हणजे आम्लपणा कमी होतो. निऑन टेट्रासारख्या मृदू पाण्यातल्या माशांना हे सोसत नाही. शिवाय पीएच वाढला की तेवढाच अमोनिया जास्त विषारी होतो. संगमरवराच्या चुऱ्याचंही तेच. उलट आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातल्या सिक्लिड माशांना जड पाणीच मानवतं, त्यांच्या टाकीत अशी वाळू मुद्दाम घालतात. म्हणून वाळू निवडायच्या आधी मासा ठरवावा. व्हिनेगर सौम्य असतं, बुडबुडे नजरेतून सुटू शकतात. शंका वाटली तर वाळू आठवडाभर बाटलीतल्या पाण्यात ठेवून आधीचा आणि नंतरचा पीएच ताडून पाहावा.

थर फार जाड नको. साठ बाय तीस सेंटिमीटरच्या टाकीत चार सेंटिमीटर थराला सात लिटर, म्हणजे अंदाजे अकरा किलो कोरडी वाळू पुरते. जाड थरात हवा पोचत नाही, काळे डाग पडतात आणि ढवळलं की सडक्या अंड्याचा वास येतो. वाळू ओतताना फिल्टर बंद ठेवावा, दाणे त्याच्या पंख्यात गेले तर तो झिजतो.

विकणाऱ्यांनाही एक विनंती आहे. पिशवीवर रंग आणि वजन असतं, पण वाळू कशाची आहे, दाणा केवढा, कडा गोल की धारदार, हे लिहिलेलं माझ्या तरी पाहण्यात नाही. या तीन ओळी छापणं अवघड नाही.

आपण पुढच्या रविवारी एक छोटी चौकट देऊन ते वाक्य दुरुस्त करावं. शाळेला सुट्टी लागत आहे, माझ्या वर्गातल्या दोन मुलांनी तो लेख कापून ठेवला आहे आणि दोघांनाही कोरीडोरसच आणायचे आहेत.

आपली,
एक शिक्षिका