बसऱ्याला गेलेल्यांची नावं

सातारा, रविवार

भावा,

परवा फोनवर तू विचारलंस की इंटर्नशिपमधे नेमकं करतोस काय, तेव्हा मी एसटीत उभा होतो, धड काय सांगता आलं नाही, म्हणून आज निवांत लिहितोय. मोठं होईल पत्र, पण वाच पूर्ण, शेवटी तुझ्याकडं एक काम आहे.

प्रोजेक्ट आहे पहिल्या महायुद्धात सातारा जिल्ह्यातनं गेलेल्या शिपायांवर. लष्करी इतिहास म्हटलं की आपल्याला सेनापती, नकाशे, कुठली टेकडी कोणी घेतली असलं डोळ्यासमोर येतं. माझं काम तसलं नाही, माझं काम नावं जुळवायचं. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन, म्हणजे महायुद्धात मेलेल्या शिपायांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणारी संस्था, तिच्या नोंदींवरनं एक्सेल शीट केलीय, त्यात शिपायाचा नंबर, पलटण, मेल्याची तारीख आणि नोंद चांगली असेल तर बापाचं नाव, गाव, तालुका. आडनाव कितीतरी ठिकाणी नाहीच. नुसता सखाराम, नुसता विठू. आणि गावाचं स्पेलिंग कुठल्यातरी गोऱ्या कारकुनानं कानाला ऐकू आलं तसं लिहिलेलं, त्यामुळं एकेका गावासाठी तालुक्याची अख्खी यादी मोठ्यानं वाचत बसायचं, मग कुठंतरी जीभ अडकते आणि कळतं की अरे हे तर आपल्या शेजारचं गाव.

तू बघितली असशील, काही जुन्या गावांत चावडीपाशी नाहीतर देवळाच्या भिंतीत एक दगडी पाटी असते, इंग्रजीत. या गावातनं इतकी माणसं 1914 ते 1919 च्या महायुद्धात गेली, त्यातल्या इतक्यांनी प्राण दिले. बास, एवढंच. आकडा आहे, नाव एकाचंही नाही. लहानपणापासनं अशा पाटीला टेकून आपण गप्पा मारल्या असतील, कधी वाचली नाही. आता वाचली की राग येतो मला, खरंच येतो. आणि तिकडं इराकमधे बसऱ्याचं स्मारक आहे, चाळीस हजारांच्या वर माणसांसाठी बांधलेलं, तिथं गोऱ्या शिपायाचं नाव कोरलं, आपल्या हुद्देदारांचंही कोरलं, पण साध्या हिंदी शिपायांचा पलटणीवार नुसता आकडा. 2021 ला त्या कमिशनच्याच चौकशी समितीनं लेखी मान्य केलं की आफ्रिका-आशियातल्या माणसांच्या बाबतीत स्मरणात भेदभाव झाला. शंभर वर्षांनी.

आपली माणसं मेली कुठं, तर जास्त करून मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमधे. कुतचा वेढा तुला माहीत नसेल, मलाही वरवरच माहीत होता. इंग्रजांच्या हिंदी फौजेतल्या 6 व्या पूना डिव्हिजनला तुर्कांनी टायग्रिस नदीच्या एका वळणावर, कुत गावात कोंडलं, 7 डिसेंबर 1915 ते 29 एप्रिल 1916. आत 103, 110 आणि 117 अशा तीन मराठा पलटणी. धान्य संपत आलं, रेशन कापत कापत मूठभरावर आणलं, घोडे कापायला सुरुवात झाली, तर आपल्यातल्या बहुतेकांनी ते मांस कितीतरी दिवस तोंडाला लावलं नाही. उपाशी अंगानं पहारा देत राहिले. सोडवायला आलेल्या फौजेची मेलेली आणि जखमी धरून वेढ्यातल्या माणसांपेक्षा जास्त माणसं गेली आणि तरी वेढा फुटला नाही. शेवटी तेराएक हजार लोक कैद झाले, वाळवंटातनं चालत नेले, पुष्कळ जण वाटेत गेले, काही रास-अल-ऐनला रेल्वेच्या कामावर. त्यांचा सेनापती जनरल टाउनशेंड मात्र इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगल्यात आरामात राहिला. हे वाचून मी त्या दिवशी पुढं काही काम केलं नाही.

मग गावात काय शोधायचं? तलाठ्याकडं नाहीतर तहसीलच्या रेकॉर्ड रूमला कोतवाल बुक असतं, गाव नमुना 14, जन्ममृत्यूची नोंद, त्या काळची बरीच मोडीत. मोडी शिकतोय, हळूहळू येतंय. त्यात एखाद्याचा जन्म सापडतो, पण मृत्यू सापडत नाही, कारण तो गावात मेलाच नाही ना. ती रिकामी जागाच आमचा पुरावा. मग त्या भावकीत जाऊन विचारायचं. अपशिंगे मिलिटरीला गेलो तर तिथं विचारायलाही लागत नाही, पहिल्या लढाईत आमचे 46 गेले हे गावातलं पोरगंही सांगतं, अजून घरटी माणूस फौजेत. बाकी गावांत मात्र एवढंच ऐकू येतं, "आमचा एक आजा बसऱ्याला गेला तो आलाच नाही."

कोरेगावकडं एका आजींनी ट्रंकेतनं मेडल काढून दाखवलं. काठावर नंबर, हुद्दा, नाव, पलटण कोरलेली असते, भिंगातनं वाचली आणि शीटमधल्या ओळीशी जुळली. आजींना वाचून दाखवलं तर त्या म्हणाल्या, परत वाच. परत वाचलं. चांदीची मेडलं कितीतरी घरांनी दुष्काळात मोडली, कोण दोष देणार. एके ठिकाणी तेच ब्रिटिश वॉर मेडल ब्रॉन्झचं निघालं, घरचे म्हणाले हे हलकं, म्हणजे आमचा आजा शिपाई नव्हता का? मी सांगितलं, हे मेडल ब्रॉन्झमधे मजूर पलटणीतल्यांना द्यायचे, रस्ते केले, ओझी वाहिली, ते नसते तर बंदुकवाला एक दिवस टिकला नसता. हे मी मनापासनं सांगतो सगळीकडं.

आता तुझं काम. तुमचा तासगाव तालुका तेव्हा सातारा जिल्ह्यातच होता, वाळवा, खानापूर, शिराळाही. दक्षिण सातारा 1949 ला वेगळा झाला आणि सांगली हे नाव 1960 ला आलं. त्यामुळं माझ्या शीटमधे सातारा म्हणून जी माणसं आहेत त्यातली कितीतरी तुमच्याकडची आहेत, आणि सांगलीत त्यांना कोणी शोधत नाही कारण कागदावर सातारा लिहिलंय. तुझ्या आज्जीनं एकदा सांगितलेलं ना, तिच्या सासऱ्याचा थोरला भाऊ पलटणीत गेलेला? तिला नाव विचार, बापाचं नाव विचार, आणि ती बोलताना फोनवर रेकॉर्ड करून ठेव, घाई करू नको तिला. घरात जुनी ट्रंक, पेन्शनचा कागद, मेडल काही असेल तर काठाचा फोटो उन्हात तिरका धरून काढ आणि मला व्हॉट्सअ‍ॅप कर. मी दिवाळीच्या आधी तासगावला येतोच, तोवर काकूंना सांग, मेडल सापडलं तर चिंचेनं घासू नका, अक्षरं जातात.

तुझा,
जिगरी दोस्त