ती मुलगी मियाझाकींची नव्हे

महोदय,

रविवारच्या पुरवणीत स्टुडिओ जिब्ली या जपानी ॲनिमेशन स्टुडिओवरच्या लेखासोबत एक चित्र होतं : चेरीच्या बहरलेल्या झाडाखाली हात पसरून गिरक्या घेणारी मुलगी. खाली ओळ, ‘मियाझाकींच्या चित्रपटातील दृश्य’. ती मुलगी म्हणजे ‘कागुया’ चित्रपटाची नायिका, आणि तो चित्रपट हायाओ मियाझाकींचा नव्हे, जिब्लीच्याच दुसऱ्या दिग्दर्शकाचा, इसाओ ताकाहातांचा. लेखात ताकाहातांच्या वाट्याला ‘सहसंस्थापक’ हा एवढाच शब्द आला आहे.

मी ॲनिमेशन शिकवतो. वर्गात दरवर्षी कुणीतरी चाचरत विचारतंच, ‘सर, माझं ड्रॉइंग बेताचं आहे. मला दिग्दर्शक होता येईल?’ तेव्हा मी ताकाहातांचं नाव घेतो. हा माणूस ॲनिमेटर, म्हणजे स्वतः चित्रं काढणारा, नव्हताच. टोकियो विद्यापीठात फ्रेंच साहित्य शिकला आणि १९५९ मध्ये तोएई या जपानी चित्रपट कंपनीच्या ॲनिमेशन स्टुडिओत दाखल झाला. मियाझाकी तिथे आले त्यानंतर चार वर्षांनी. १९६८ मध्ये ताकाहातांचा पहिला चित्रपट आला. त्याचं वेळापत्रक पार कोलमडलं होतं, गल्लाही जमला नाही, आणि तोएईने त्यांच्या हाती पुन्हा चित्रपट दिला नाही. पुढे १९७४ मध्ये दूरचित्रवाणीवर त्यांची ‘हायडी’ आली. बावन्न भागांची ही मालिका, दिग्दर्शन ताकाहातांचं आणि दृश्यांचे आराखडे मियाझाकींचे. मियाझाकींच्या ‘नॉसिका’ चित्रपटाचे (१९८४) निर्मातेही ताकाहाताच, हेही लेखात यायला हवं होतं.

१९८५ मध्ये जिब्ली उभी राहिली. १६ एप्रिल १९८८ रोजी तिचे दोन चित्रपट एकाच तिकिटावर लागले, मियाझाकींचा ‘तोतोरो’ आणि ताकाहातांचा, दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यांत सापडलेल्या भावंडांवरचा ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’. दुसऱ्यातली काही दृश्यं तर रंग न भरताच पडद्यावर गेली, इतकं काम मागे पडलं होतं! जून १९४५ मध्ये जपानमधल्या ओकायामा शहरावर बॉम्ब पडले त्या रात्री नऊ वर्षांचे ताकाहाता बहिणीसोबत झोपेच्या कपड्यांत, अनवाणी पळत सुटले होते. चित्रपटातली आग त्यांनी पाहिलेली होती. तरी त्याला नुसता ‘युद्धविरोधी चित्रपट’ म्हटलेलं त्यांना पटत नसे.

वर्गात मी दाखवतो तो मात्र ‘ओन्ली यस्टर्डे’मधला (१९९१) अननस. घरात पहिल्यांदाच अख्खा अननस आलाय आणि तो कापायचा कसा, कुणालाच ठाऊक नाही. शेवटी एकदाचा कापला जातो. सगळे फोड तोंडात टाकतात आणि गप्प होतात. कडक आहे, गोडही नाही. त्यापेक्षा केळं बरं, असा निकाल लागतो. धाकटी ताएको तेवढी हट्टाने चावत राहते. वर्गातली पोरं आधी हसतात, मग त्यांच्या लक्षात येतं की इथे फारसं काही हललेलंच नाही. कुणी किती वेळ गप्प बसायचं, हे ठरवायला पेन्सिल लागत नाही.

‘कागुया’ला (२०१३) आठ वर्षं लागली, खर्च ५०० कोटी येनच्या घरात गेला आणि तेवढे तिकीटबारीवर परत आले नाहीत. त्यांच्या दिरंगाईने सहकारी मेटाकुटीला येत, हे झाकण्यात अर्थ नाही. मला स्वतःला अशा माणसाच्या हाताखाली काम करायला जमलं नसतं. पण कागुया मेजवानीतून पळत सुटते तो प्रसंग पाहा. अंगावरची वस्त्रं गळत जातात, नाजूक रेषा कोळशाने ओढल्यासारख्या फराटे होतात, चेहरा ओळखू येईनासा होतो. एकही रेघ ताकाहातांच्या हातची नाही. ती तशी फाटू द्यायची, हे मात्र त्यांचं.

२०१८ मध्ये ते गेले. दुरुस्ती छापणार असाल तर फार जागा नको. त्याच चित्राखाली ‘दिग्दर्शक : इसाओ ताकाहाता’ एवढं छापलंत तरी पुरे.

आपला,
ॲनिमेशन शिकवणारा एक वाचक