मार्गशीर्षात ये : गोकाकच्या घळीविषयी मित्रास पत्र

बेळगाव

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. श्रावणात गोकाकचा धबधबा पाहून तेथेच नदीच्या पात्रालगत तंबू ठोकायचा तुझा बेत वाचला. त्यातला धबधबा मला मान्य आहे, तंबू मुळीच नाही. पावसाळ्यात घटप्रभा नदी तेथे नालाच्या आकाराच्या कड्यावरून सुमारे 52 मीटर खाली कोसळते, पाणी गढूळ तांबडे असते आणि तुषारांचा पडदा एवढा दाट असतो की ज्या घळीसाठी मी तुला बोलावतो आहे, ती घळच दिसत नाही. शिवाय वर हिडकलचे धरण आहे. गोकाकला पावसाचा थेंब नसतानाही धरणाचे दरवाजे उघडले की पात्र भराभर चढते, त्यामुळे काठच्या वाळूवर रात्र काढणे हे धाडस नसून निव्वळ अविचार आहे.

म्हणून माझा आग्रह मार्गशीर्षाचा. तोवर नदीचे बरेचसे पाणी धुपदाळच्या बंधाऱ्यापाशी कालव्यात वळलेले असते, कड्यावरून जेमतेम धार उतरते, आणि ‘भारताचा नायगारा’ पाहायला आलेली मंडळी हिरमुसून अर्ध्या तासात परततात. (ते टोपणनाव ज्याने दिले, त्याने गोकाकचे भले केले नाही.) पण नेमका तेव्हाच दगड उघडा पडतो. तू सह्याद्रीतला, काळ्या कातळाचे कडे पाहत वाढलास. बेळगावच्या पश्चिमेलाही तोच कातळ आणि जांभा आहे, पण गोकाकच्या बाजूला तो संपतो आणि त्याच्याखालचा, कितीतरी पटींनी जुना, गुलाबी-पिवळसर वालुकाश्म वर येतो. सुमारे शंभर कोटी वर्षांपूर्वी उथळ पाण्याच्या तळाशी साचलेली ती वाळू आहे. काही फरशांवर तुला लहान लहान लाटांच्या वळ्या दिसतील, बोट फिरवले तर एकेक कंगोरा हाताला लागतो. ओहोटीनंतर वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर असतात, तशाच.

घळ कशी झाली तेही तेथे उभ्या उभ्या समजते. वरचा थर कठीण आहे आणि त्याच्या खाली शेलचे, म्हणजे चिखल घट्ट होऊन बनलेल्या मऊ, पापुद्र्यांसारख्या दगडाचे थर आहेत. पाणी ते मऊ थर पोखरते, वरचा दगड अधांतरी राहतो आणि उभ्या भेगांवरून चौकोनी तुकड्यांनी तुटून खाली येतो. त्यामुळे कडा हळूहळू मागे सरकतो आणि पुढे घळ लांबत जाते.

झुलता पूल, काठावरचे चालुक्य धाटणीचे महालिंगेश्वराचे देऊळ आणि 1887 पासून या पाण्याच्या जोरावर चाललेली सूतगिरणी हे सारे एका सकाळीत पाहून होईल. मुक्काम मात्र गोकाकला नको, जवळच्या गोडचिनमलकीला करू. तेथे मार्कंडेय नदी दोन टप्प्यांत उतरते, पहिला सुमारे 25 मीटरचा, दुसरा 18 मीटरचा, आणि मग दरीतून पुढे जाऊन घटप्रभेला मिळते. ही मार्कंडेय म्हणजे आमचीच नदी. राकसकोपला अडवलेले तिचे पाणी बेळगावकर रोज पितात. हिच्यावरही शिरूरला धरण आहे, तेव्हा पात्रातल्या मुक्कामाला येथेही माझी हरकत आहेच. आजूबाजूचे रान वनखात्याचे, तेथे परवानगीशिवाय राहता येत नाही. मागच्या हिवाळ्यात आम्ही दरीच्या वरच्या अंगाला एका ओळखीच्या अप्पांच्या शेतात उतरलो होतो. शाळू पोटरीला आलेला, बांधाकडेला तंबूपुरती मोकळी जागा. अप्पांना मराठी समजते, बोलायला मात्र कानडीच बरी वाटते. माझी कानडी बाजारापुरती, तरी रात्री कडक भाकरी, भरली वांगी आणि शेंगदाण्याची चटणी यांवर आमचे छान जमले. त्यांनी एकच अट घातली, कडब्याच्या गंजीजवळ चूल पेटवायची नाही. ती तुलाही लागू. पहाटे दव एवढे पडते की तंबूचे बाहेरचे कापड पिळून काढावे लागते. तेव्हा दुपदरी तंबू आण आणि पांघरूण जाड घे.

दरीत उतरायचे ते ऊन चढण्याआधी, कारण दहानंतर तो दगड तापतो आणि झाडोरा काटेरी, सावली न देणारा आहे. तळव्याला पकड असलेले बूट हवेत. शेवाळ सुकलेल्या फरशीवरही पाय सरकतो. पिण्याचे पाणी वरूनच न्यायचे.

पुण्याहून येताना मिरजमार्गे घटप्रभा स्थानकावर उतर, बेळगावपर्यंत येऊन उलटे जाण्याचे कारण नाही. मी गाडी घेऊन तेथे येईन. वहिनींना करदंट (डिंक-सुकामेव्याची मिठाई) आवडतो हे लक्षात आहे, तो परतताना गोकाकच्या पेठेत घेऊ. अप्पांना आधी कळवावे लागते, त्यामुळे तारीख दिवाळीपूर्वीच लिही.

तुझा,
बेळगावचा मित्र